गोठलेल्या जिभेसाठी

कलिंगडाचा रस चाखून बघितला आणि "आता बेस्ट झालं" असं वाटलं, की त्यात अजून साखर पडायला हवी. हे नव्या माणसाच्या गळी उतरवणं फार अवघड जातं. उन्हाळ्यात माझ्या हाताखाली गल्लीतली एखादी पोरगी येते. ती पळीने रस चाखते आणि म्हणते, "काकू, बास की आता, गोडमिट्ट झालंय." तो तिला गोडमिट्ट लागलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तीच पोरगी कांडी चोखत म्हणते, "बराबर झालंय."

गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. मी रस चाखते तो घरातल्या उकाड्यात. ज्याला तो खायचाय तो शून्याच्या खाली गेलेली कांडी जिभेवर धरणार आणि दोन चोखण्यांत त्याची जीभ बधिर होणार. म्हणजे ज्या जिभेने मी ठरवते ती गिऱ्हाइकाची जीभ नसतेच. स्वयंपाकात चाखून मीठ-तिखट वाढवता येतं, इथे चाखण्याचा उपयोग निम्माच. उरलेलं सगळं अंदाजावर, आणि हा अंदाज फक्त साखरेपुरता नाही. फळ आतून कसं निघेल, वीज किती वेळ राहील, संध्याकाळी आभाळ येईल का, सगळं आधीच धरून चालावं लागतं.

माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्याच्या आत आमचं गाव आहे. पाडव्याच्या आसपास मी कलिंगडाच्या कांड्या करायला घेते आणि पहिला बरा पाऊस झाला की बंद करते. ओट्यावर एक फ्रीजर, आत सोप्यात चार साचे, एक मिक्सर आणि एक पुरणयंत्र, एवढाच कारखाना. मोठी माणसं 'आइस्क्रीम' मागतात, म्हाताऱ्या 'गारेगार' म्हणतात आणि पोरं नुसतं "काकू, एक लाल द्या" म्हणून पाच रुपयांचं नाणं कट्ट्यावर वाजवतात.

दिराने रानात कलिंगड लावलं नसतं तर मी या वाटेला गेले नसते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यांचं दोन एकराचं फळ तोडणीला आलं होतं. बाजार बंद, व्यापारी फिरकेना, गाड्या निघेनात. कलिंगड वेलीवर ठेवून वाट बघता येत नाही. पिकून गेलं की गर पिठूळ होतो, पाणी सुटतं, मग फळ उन्हात फुटतं. त्या वर्षी कितीतरी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गावोगाव फिरून मिळेल त्या भावाने कलिंगडं विकली, वाटली, शेवटी जनावरांना घातली. आमच्या अंगणातही एक ट्रॉली रिकामी झाली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, यातलं काय वाचवता येतंय का बघा." मी वाट्यांत, पेल्यांत, डब्यांत रस भरून फ्रीजमध्ये कोंबत सुटले. विकायचा विचारही नव्हता. गार काही खाऊ नका, असंच सगळीकडे सांगत होते. पण दोन उन्हाळे घरातल्या पोरांवर प्रयोग झाले आणि कलिंगड गोठताना कसं वागतं ते मला कळायला लागलं. शाळा नीट भरायला लागल्यावर विक्री सुरू झाली.

फळ मला आजही भाऊजींकडूनच येतं. व्यापारी जागेवर सौदा करतो तेव्हा लहान, वाकडं, एका अंगाने उन्हाने पोळलेलं फळ बाजूला काढतो. ते माझं. चवीला त्यात काही कमी नसतं. उलट लांबट, काळ्या सालीचं 'किरण' सारखं छोट्या जातीचं फळ मोठ्या 'शुगर क्वीन'पेक्षा पुष्कळदा जास्त गोड निघतं. भाऊजींकडे ब्रिक्स बघायची नळी आहे. तिच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे बघायचं. बरं कलिंगड दहा-अकरा दाखवतं, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर. कांडीला मला हा आकडा सोळाच्या पुढे लागतो. दहाचा रस सोळावर न्यायचा तर किलोमागे ७० ग्रॅम साखर घालावी लागते. नळी मिळायच्या आधी मी हे मुठीच्या मापाने करत होते, आणि मुठीचं माप फारसं चुकत नव्हतं, असं मला अभिमानाने म्हणावंसं वाटतं.

साखरेला इथे आणखी एक काम आहे. कलिंगडात शंभरातले ९१-९२ भाग पाणीच असतं. नुसता रस गोठवला तर त्याचा दगड होतो, पोरांचे दात त्यावरून घसरतात. रसात साखर जितकी जास्त, तितकी त्याला गोठायला थंडी जास्त लागते, आणि फ्रीजरमध्येही थोडा घट्ट पाक न गोठता बर्फाच्या कणांमध्ये राहून जातो. कांडी दाताखाली सहज तुटते ती त्या पाकामुळे. पण साखर फार झाली तर कांडी धड गोठत नाही, काडीवरून निसटून मातीत पडते, आणि मग ते पोर आणि त्याची आई दोघंही माझ्याकडे बघतात. याच्या मधली जागा बारीक आहे. त्यात लिटरला चिमूटभर मीठ आणि एक लिंबू. नुसतं कलिंगड गोठल्यावर सपक लागतं, आंबट आणि खारट यांच्याशिवाय त्याची चव उठत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबू नगाला दहा रुपयांवर गेलं, तेव्हा मी उकडलेल्या कैरीचा गर घालायला लागले. लिंबू स्वस्त झाल्यावरही मी कैरी सोडली नाही. तिचा गर रसाला जरा दाटपणा देतो.

पिकलेलं फळ ओळखायचं शास्त्र गावात प्रत्येकाचं वेगळं आहे. माझा भरवसा दोन गोष्टींवर. फळ जमिनीला टेकलेलं असतं तिथला डाग पांढरा असेल तर फळ कच्चं, लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर तयार. आणि फळाच्या देठाजवळचा वेलीचा ताणा वाळलेला असला पाहिजे. टिचकी मारून आवाज ऐकणारे लोक मला जरा नाटकीच वाटतात, पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कानाने जे फळ काढतात ते खरंच क्वचित फसतं. बद्द वाजलं की पिकलं, टण्ण वाजलं की राहू द्या. एक मात्र खरं, की आंब्यासारखं हे फळ आढीत पिकत नाही. तोडताना जेवढं गोड, तेवढंच गोड. कच्चं आलं तर ते पिकायची वाट बघत ठेवण्यात अर्थ नाही.

कलिंगड कापायच्या आधी बाहेरून घासून धुवायचं, हे मी कडकपणे पाळते. आधी घरातले सगळे हसायचे, "सालच तर टाकायचीय." पण फळ महिनाभर मातीत लोळलेलं असतं, आणि सुरी साल कापत आत जाते तेव्हा सालीवरची घाण गरात घेऊन जाते. कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नाही. कापल्यावर उन्हाळ्याच्या हवेत ठेवलं तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. गोठवलं की जंतू मरतात, असा सर्रास समज आहे. मरत नाहीत, थिजून बसतात आणि कांडी वितळली की उठतात. त्यामुळे फळ कापलं की हात थांबवायचा नाही. तासाभरात रस साच्यात गेला पाहिजे. त्या वेळी दारात कुणी आलं तरी मी बाहेर जात नाही, आणि गावात हे आता सगळ्यांना माहीत आहे. धंद्याची नोंदणीही करून घेतली. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये भरून ती मिळायची. भाचा म्हणाला, "मामी, तुझी उलाढाल बारा लाख कधी होणार?" मी म्हटलं, तू रोज चार फुकट खातोस ते बंद कर, मग बघू.

बिया काढणं हे या कामातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलं तर काळे तुकडे होतात आणि रसाला कडवट, तेलकट चव येते. म्हणून मी पुरणयंत्र घेतलं. फोडी टाकायच्या, दांडा फिरवायचा, बिया वर राहतात, गर खाली पडतो. वर्षातून होळीला आणि दोन-चार सणांना निघणारं ते यंत्र आता उन्हाळाभर सोप्यातून हलत नाही. बारीक फडक्याने मात्र रस कधी गाळायचा नाही. कलिंगडाचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तो गराच्या कणांत असतो. फडक्यातून गाळलात तर रंग फडक्यात आणि खाली फिकट गुलाबी पाणी. आणि रस शिजवायचा तर नाहीच नाही. आटवून दाट करावा असा मोह होतो, पण कलिंगड तापलं की त्याचा सगळा ताजेपणा जातो आणि उकडलेल्या भोपळ्याचा वास सुटतो. पाक वेगळा करायचा, पूर्ण गार करायचा आणि मग मिसळायचा.

आता गोठवणं. माझा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साच्यात रस भरून फ्रीजरमध्ये नुसता ठेवला तर तो गोठायला सहा-सात तास लागतात. इतका वेळ मिळाला की रसातलं पाणी आपलं आपलं वेगळं व्हायला लागतं. बर्फ आधी साच्याच्या भिंतीला धरतो, लांब सुयांसारखा आत वाढतो, आणि साखर, रंग, गर सगळं मध्यभागी ढकलत नेतो. साचा उघडावा तर कडेला पांढरा बेचव बर्फ आणि मध्ये लाल, चिकट, अतिगोड पट्टा. शिवाय गोठायच्या आधी गर वर तरंगतो किंवा खाली बसतो, त्यामुळे एक टोक लाल आणि एक फिकं. पोरं अशी कांडी तोंडात धरून आतला पाक तेवढा ओढून घेतात आणि उरलेलं पांढरं काडीसकट फेकून देतात. बाजारातल्या स्वस्त कांड्यांचंही असंच होतं, फक्त तिथे तक्रार कुणी करत नाही.

उपाय एकच, लवकर गोठवणं. पूर्वी कुल्फीवाले हंडीत बर्फ आणि खडे मीठ घालून मध्ये कुल्फीचे डबे फिरवायचे, ते याचसाठी. मी त्याचीच एक घरगुती तऱ्हा बसवली. एका प्लास्टिकच्या टोपात चार लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवायचं आणि तो टोप फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचा. एवढं खारं पाणी उणे सोळा अंशांपर्यंत गोठत नाही, भुरभुरीत चिखलासारखं राहतं. त्यात साचा उभा केला की चारी बाजूंनी गार पाणी भिंतीला चिकटतं. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी लवकर ओढून घेतं. जे काम सहा तासांत व्हायचं ते दीड-दोन तासांत होतं. बर्फाचे कण बारीक राहतात, रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा येतो. रस आधी फ्रीजमध्ये गार करून घेतला तर आणखी बरं. साचा काठापर्यंत भरायचा नाही, कारण पाणी गोठताना साधारण एक-दशांशाने फुगतं आणि कांडीला वर कुबड येतं. खारं पाणीही साच्याच्या काठाच्या बराच खाली राहिलं पाहिजे. एक हेलकावा आत गेला तरी ती कांडी खारट.

मिठाने फ्रीजरच्या आतल्या पत्र्याला गंज धरला आहे. दुरुस्तीवाला दरवेळी त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघतो. मी चहा देते.

रस दाट राहावा, गर बसू नये म्हणून मी सब्जा घालते. भिजून फुगलेला सब्जा गराला धरून ठेवतो आणि दाताखाली कचकचतो. बायकांना तो आवडतो, पोरं त्याला बेडकाची अंडी म्हणतात, म्हणून पोरांच्या साच्यात घालत नाही. तिथे साबुदाण्याची पातळ, गार केलेली पेज चालते, कळत नाही.

सुरुवातीला मी लांब प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होते, ज्याला सगळीकडे 'पेप्सी' म्हणतात. भरायला सोपी, गाठ मारली की झालं. पण शाळेपासून आमच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर रिकाम्या पिशव्या दिसायला लागल्या, आणि त्या माझ्याच होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. साचे घेतले. काड्या लाकडी आणल्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या आइस्क्रीम काड्यांवर देशभर बंदी आली तेव्हा तालुक्याच्या दुकानदाराने मला आपणहून फोन केला, की तुमच्याच काड्या आता सगळे मागतायत.

गिऱ्हाइकं दोन जातीची. एक विकत घेणारी आणि एक खाणारी, आणि दोघांची तक्रार कधी एक नसते.

खाणाऱ्यांची तक्रार अशी, की जीभ लाल होत नाही. यात्रेतली, गाड्यावरची कांडी खाल्ली की जीभ, ओठ, सदऱ्याची कॉलर सगळं लालभडक होतं, आणि मग पोरं एकमेकांना जिभा दाखवत फिरतात. खायच्या रंगाचं ते काम आहे, तो पाण्यात विरघळतो. कलिंगडाचा रंग विरघळत नाही, म्हणून जिभेलाही चढत नाही. चौथीतल्या एका पोराने मला ऐकवलं होतं, "काकू, तुमची लाल खरी लाल नाही." शंभर टक्के खऱ्या लाल कांडीबद्दल हे ऐकायचं, म्हणजे काय म्हणावं? कुणी सुचवलं बीट घाला. घालून बघितलं, जिभा रंगल्या, पण मातकट चव कलिंगडावर बसली. सोडून दिलं. त्या बाबतीत गाड्यावाला माझ्या पुढे आहे आणि राहील.

विकत घेणाऱ्यांची तक्रार घशाची. "गारेने घसा धरेल." ही भीती फार जुनी आहे. १८३४ साली अमेरिकेतून जहाजाने बर्फ पहिल्यांदा मुंबईत उतरला. त्यानंतर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं, तर यजमान आणि पाहुणे सगळेच सर्दीने आजारी पडले, आणि 'मुंबई समाचार'ने बरी अद्दल घडली अशा सुरात ते छापलं, असं सांगतात. दोनशे वर्षं होत आली, आमच्या गल्लीतलं मत अजून 'मुंबई समाचार'च्या बाजूनेच आहे. घसा बसतो तो बहुतेकदा कशाच्या पाण्याने बर्फ केलाय त्यामुळे, असं मी सांगते. मासळी-भाजी ठेवायचा बर्फ आणि खायचा बर्फ यांची सरमिसळ होऊ नये म्हणून २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याचा बर्फ निळसर करायचा नियम केला, तो उगाच नाही. माझ्या कांडीत बाहेरचा बर्फ येतच नाही. तरी आया कांडी आधी पाण्याखाली धरून 'थोडी गरम' करून देतात. गरम केलेली कांडी! मी बघते आणि गप्प बसते.

तिसरी तक्रार मोबाईलवरून आलेली, कलिंगडाला इंजेक्शन देऊन लाल करतात, ही. दर मार्चमध्ये तोच व्हिडिओ फिरतो. वेलीवरच्या फळाला सुईने भोक पाडलं तर ते दोन-तीन दिवसांत त्या जागेतून नासायला लागतं, व्यापारी हात लावणार नाही, एवढा साधा हिशेब कुणी करत नाही. आत भेगा पडलेलं फळ बघून तर लोकांची खात्रीच पटते. वाढ एकसारखी झाली नाही, परागीकरण नीट झालं नाही की तशा भेगा पडतात, आणि माझ्या अनुभवात भेगा पडलेलं फळ बऱ्याचदा गोडच निघतं. वाद घालण्यापेक्षा मी कापसाचा बोळा घेते आणि कापलेल्या फोडीवर घासून दाखवते. वरून घातलेला रंग असेल तर बोळा लालभडक होतो. सरकारी अन्नसुरक्षावाल्यांनीच हा उपाय दाखवला आहे. बोळा बघून बायका मान डोलावतात आणि तरी म्हणतात, "तुमचं नाही हो, बाहेरचं म्हणते मी."

पैशाचं थोडक्यात सांगते. दहा किलो फळातून पाच-साडेपाच लिटर रस निघतो, बाकी साल आणि बी. त्याच्या नव्वदएक कांड्या, पाच रुपयांनी साडेचारशे. फळ, साखर, काड्या, वीज धरून दीडशे-पावणेदोनशे जातात. माझी मजुरी मी कधी धरत नाही, आणि धरावी असं मला सगळे सांगतात, तेच सगळे जे कांडी सहा रुपये केली तर नाक मुरडतील. पोराच्या हातात पाचाचं नाणं असतं, सहावा रुपया त्याच्याकडे नसतोच. भाव वाढला तरी माझ्याकडे कमी करायला एकच जागा असते, साच्याची उंची. ती कमी करायची नाही असं ठरवलंय, अजून तरी.

फळाचा भाव रमजानवर बराच हलतो. इफ्तारीला कलिंगड लागतं, तेव्हा मुंबई-पुण्याचे व्यापारी जागेवर येऊन उचलतात. २०२० ला रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला होता. दर वर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ ला २ मार्चलाच सुरू झाला. म्हणजे आता खरा कडाका सुरू होतो तेव्हा मोठी मागणी होऊन गेलेली असते. भाऊजींना लागण अलीकडे घ्यावी लागली, जानेवारीच्या थंडीत रोपं जगवायची म्हणजे वरून कापडाचं आच्छादन आलं, खर्च आला. मला मात्र एप्रिल-मेचं मागास फळ स्वस्तात पडतं. एका घरात दोन चुली असल्यावर असंच व्हायचं. त्यांचा पडलेला भाव माझ्या कामाचा, आणि जेवायला आम्ही एकाच पंगतीला बसतो. भाऊजी हे हसत बोलतात, जाऊबाई फारशा हसत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. म्हणून बाजूला काढलेल्या फळाचाही मी वजनाने पैसा देते, नको म्हणाले तरी.

विजेवर माझा जोर नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यभर भारनियमन चाललं होतं, आमच्याकडे दुपारची जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा. तेव्हा खाऱ्या पाण्याचा टोप पुन्हा कामी आला. गोठून चिखल झालेलं खारं पाणी वितळताना आसपासची उष्णता ओढत राहतं, त्यामुळे फ्रीजर न उघडता चार-पाच तास कांड्या टिकतात. अट एकच, झाकण उघडायचं नाही. म्हणजे वीज गेली की विक्री बंद, आणि बाहेर बेचाळीस अंशांत पोरं उभी. आतला माल वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, हे मला अजून नीट जमत नाही. मग थर्मासच्या डब्यात पंधरा-वीस कांड्या वेगळ्या ठेवायला लागले. त्या संपल्या की संपल्या.

सालीचं काही वाया जात नाही. हिरवी पाठ म्हशीला. मधला पांढरा भाग आत्या किसून घेतात, शेंगाचं कूट, दही आणि मिरचीची फोडणी घालून कोशिंबीर करतात, कधी ज्वारीच्या पिठात घालून थालीपीठ लावतात. बिया धुऊन पत्र्यावर वाळवतात. दुपारभर एक-एक फोडून मगज काढत बसतात आणि ओट्यावरच्या गर्दीकडे लक्ष ठेवतात. कुणी नाणं न देता कांडी घेऊन पळालं तर त्यांना बापाच्या नावासकट माहीत असतं.

पुढच्या हंगामात भाऊजींच्या डोक्यात पिवळ्या गराचं कलिंगड आहे. बाहेरून हिरवंच, आतून पिवळंधमक. शहरात त्याला चांगला भाव मिळतो म्हणतात. चार सऱ्या माझ्यासाठी लावतो, म्हणाले. मी एक फळ आणवून, दोन साचे गोठवून बघितले. चव छान, जरा मधासारखी, गोठल्यावर रंगही टिकतो. ओट्यावर ठेवले, दर तोच. पहिलं पोर आलं, त्याने पिवळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही आंब्याची का?" नाही, कलिंगडाचीच, म्हटलं. ते थोडा वेळ विचारात पडलं आणि म्हणालं, "मग लालच द्या." भाऊजींना मी दोनच सऱ्या सांगितल्यात.